आमची वाटचाल: चपलेच्या दुकानातून बुटाकडं

आण्णांचं म्हणजे वडलांचं साताऱ्यातलं दुकान मूळचं कोल्हापुरी चपलांचं. लोकांना वाटतं ही चप्पल फक्त कोल्हापुरातच होते, पण 2019 ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं त्यात आपला सातारा, सांगली, सोलापूर पण आहे. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, त्या वासातच आम्ही भावंडं मोठी झालो.

बूट मी चालू केले. आपल्या भागात फौजी माणसं भरपूर, अपशिंगे गावाच्या तर नावातच मिलिटरी आहे, आणि सुट्टीवर आलेला जवान बूट हातात घेतला की आधी उलटा करून सोल बघतो.

पहिल्यांदा बाहेरून तयार माल आणला आणि तिथंच ठेच लागली. काही जोड माळ्यावर पडून राहिले, दोन पावसाळे गेले, मग त्यातला एक जोड रिटायर सुभेदार काकांना दिला. अजिंक्यतारा चढताना सोलचा भुगा झाला. काका तो भुगा पिशवीत घेऊन आले, वाकडा शब्द बोलले नाहीत, पिशवी काउंटरवर ठेवली फक्त. बोटानं दाबलं तर शिळ्या केकसारखा चुरा पडत होता. पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचा सोल हवेतल्या ओलाव्यानं आतून तुटत जातो, डब्यात नवाकोरा ठेवला तरी, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. काकांचे पैसे परत दिले, राहिलेले जोड कापून टाकले. आण्णा एवढंच म्हणाले, "जे उसवून परत शिवता येतंय तेच ठेव दुकानात."

मग वेल्टची शिलाई शिकलो. वेल्ट म्हणजे बुटाच्या कडेनं फिरणारी कातड्याची पट्टी. वरचं कातडं आणि इनसोल म्हणजे पायाखालचा आतला तळ तिला शिवायचं आणि खालचा सोल त्याच पट्टीला वेगळा शिवायचा, म्हणजे सोल झिजला की खालचे टाके उसवायचे, वरच्याला धक्का नाही. मेणाचा दोरा ओढून ओढून करंगळी कापायची, आण्णा शेजारी बसून प्रत्येक टाका बघायचे. काकांना नवा जोड तसाच शिवून दिला, त्याचा सोल आत्तापर्यंत दोनदा बदललाय, वरचं कातडं तेच आहे.

गिऱ्हाइकाला मी सांगतो, बूट घ्यायला संध्याकाळी या, दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो, आणि रोजचे मोजे घालूनच या. अंगठ्याच्या पुढं बोटभर जागा पाहिजे, टाच उचलली नाही पाहिजे. कातडं फुल ग्रेन म्हणजे वरचा थर न घासलेलं घ्या, त्यावर बारीक छिद्रं दिसतात, क्वचित जनावराच्या अंगावरचा ओरखडा पण दिसतो आणि तो दोष नाही हो, एकदम काचेसारखं गुळगुळीत असेल तर बऱ्याचदा वरून कोटिंग असतं आणि तेच घडीवर तडकतं.

कास-ठोसेघर करून भिजलेला बूट लोक चुलीपाशी नाहीतर उन्हात ठेवतात, तेवढं करू नका प्लीज. कातड्यातलं तेल जातं, कडक होऊन चिरतं. चिखल ओल्या फडक्यानं पुसा, आत पेपर कोंबा, ओला झाला की बदला, पंख्याखाली सावकाश वाळू द्या आणि मग मेणाचं क्रीम बोटानं पातळ लावा, विशेषतः शिलाईवर. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, बुरशी धरते. दोन जोड असतील तर आलटून पालटून घाला, घाम वाळायला एक दिवस लागतोच.

सोल बदलायचा असेल तर मे महिन्यातच आणून द्या, जूननंतर आमच्याकडं पण कातडं लवकर वाळत नाही.