सुट्टी सरकली, पण कोणाकोणाची?

आजचा दिवस चौकश्यांतच गेला. काही कागदपत्रे मुदतीच्या आत एका कार्यालयात दाखल करायची होती. छापील यादीप्रमाणे आजचा शेवटचा दिवस कामाचा होता, परंतु सुट्टीची तारीख ऐनवेळी पुढे गेली आणि तोच सुट्टीचा ठरला. कार्यालय बंद, बँक बंद, कुरिअर मात्र चालू. आणि ज्या खासगी कंपनीची सही हवी होती, तिने जुन्याच तारखेला सुट्टी उरकून घेतल्यामुळे तिथे आज सगळे हजर. सही सुखासुखी मिळाली. ती घेऊन जायचे कोठे, एवढाच प्रश्न उरला.

सार्वजनिक सुट्टी एका हुकमाने सगळीकडे लागू होते, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात सरकार आपल्या कार्यालयांपुरते ठरवते; बँकांची यादी वेगळी असते, शेअर बाजाराची वेगळी, न्यायालयांची आणखी वेगळी, आणि खासगी आस्थापना आपापल्या सोयीने यांपैकी कोणाचा तरी कित्ता गिरवतात. मूळ तारीख स्थिर असते तोवर या याद्या बऱ्याच अंशी जुळलेल्या दिसतात. ती हलली की प्रत्येक यादी आपापल्या चालीने हलते, एखादी हलतच नाही, आणि कोणती हलली हे शोधण्याचे काम ज्याची निकड आहे त्याच्या गळ्यात पडते.

यात चंद्राला उगाच बोल लावला जातो. हिजरी, म्हणजे इस्लामी चांद्र, वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्यामुळे त्यातले सण इंग्रजी तारखांच्या हिशेबाने दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे येतात, आणि चंद्रदर्शनावर अवलंबून असलेला दिवस आदल्या संध्याकाळपर्यंत पक्का होत नाही. ईस्टरचा रविवारही २२ मार्च ते २५ एप्रिल या पट्ट्यात कोठेही येऊ शकतो. पण ही अनिश्चितता सर्वांना आधीपासून ठाऊक असते. ईस्टरची तारीख तर कितीही वर्षे पुढची काढून ठेवता येते, आणि चंद्रदर्शनाच्या सुट्टीला माणसे एक दिवस इकडेतिकडे होईल हे गृहीत धरूनच बेत आखतात. माझी तक्रार माणसांनी काढलेल्या, आणि उशिरा काढलेल्या, आदेशांबद्दल आहे.

याचे जुने आणि बोलके उदाहरण अमेरिकेतले आहे. १९३९ साली नोव्हेंबरमधला शेवटचा गुरुवार, म्हणजे थँक्सगिव्हिंग या तिथल्या कृतज्ञतेच्या सणाचा रूढ दिवस, ३० तारखेला येत होता. थँक्सगिव्हिंगनंतर नाताळच्या खरेदीला पुरेसे दिवस उरत नाहीत, ही व्यापाऱ्यांची ओरड मान्य करून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी तो दिवस २३ तारखेला साजरा होईल असे जाहीर केले, आणि तेही ऑगस्टमध्ये, म्हणजे दिनदर्शिका घराघरांत लागून कित्येक महिने उलटल्यावर. काही राज्यांनी नवी तारीख धरली, काहींनी जुनी, आणि टेक्सासने दोन्ही दिवस सुट्टी देऊन वाद मिटवला, किंवा वाढवला म्हणा. अखेर १९४१ मध्ये कायदा करून नोव्हेंबरचा चौथा गुरुवार कायम करण्यात आला. धडा मिळाला असेल असे वाटावे, तर त्याच देशाने १९७१ पासून माजी सैनिकांचा दिवस ११ नोव्हेंबरवरून ऑक्टोबरच्या चौथ्या सोमवारी नेला. पहिल्या महायुद्धाच्या युद्धबंदीची ती तारीख सोडायला लोक तयार नव्हते, आणि १९७८ पासून तो दिवस पुन्हा ११ नोव्हेंबरला आणावा लागला.

किती आधी सांगितले म्हणजे पुरेसे, याचा विचार करताना ब्रिटनची आठवण झाली. २०२० सालची मेच्या सुरुवातीची सोमवारची सुट्टी, दुसऱ्या महायुद्धातील युरोपातल्या विजयाच्या पंचाहत्तरीसाठी, ४ मेवरून शुक्रवार ८ मे रोजी नेण्यात आली. ही घोषणा जून २०१९ मध्ये झाली होती, तरीही पुढच्या वर्षाच्या दिनदर्शिका छापून बसलेल्या मुद्रकांना तो उशीरच वाटला. जपानमध्ये तर लांबणीवर पडलेल्या ऑलिंपिकसाठी २०२१ च्या तीन सुट्ट्या हलवणारा कायदा २०२० च्या नोव्हेंबरअखेर संमत झाला. तोवर दिनदर्शिका छापून झाल्या होत्या. परिणामी अनेक भिंतींवर ११ ऑक्टोबर हा क्रीडा दिन म्हणून लाल अक्षरांत मिरवत राहिला आणि त्या दिवशी कचेऱ्या नेहमीसारख्या भरल्या. तो दिवस जुलैमध्येच, २३ तारखेला, उरकलेला होता.

आज मला जे सर्वांत उपयोगी कळले ते मुदतीबद्दल. मुदतीचा दिवस सुट्टीचा निघाला तर ती पुढे जाते, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि ती अर्धीच खरी आहे. आपल्याकडे १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या (जनरल क्लॉजेस ॲक्ट) कलम १० प्रमाणे, न्यायालयात किंवा कार्यालयात करावयाची गोष्ट, शेवटच्या दिवशी ते बंद असल्यास, त्यानंतर ते उघडेल त्या दिवशी केली तरी ती मुदतीत केली असे मानतात. परंतु १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाचे (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम २५ नेमके उलट सांगते: वचनचिठ्ठीची (प्रॉमिसरी नोट) किंवा विनिमयपत्राची (हुंडीसारखा पैसे देण्याचा लेखी आदेश) मुदत सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी भरत असेल, तर रक्कम त्याआधीच्या कामाच्या दिवशीच देय झाली असे धरायचे. तारीख आधीपासून ठरलेली असेल तेव्हा हे ठीकच आहे. सुट्टी आदल्या संध्याकाळी जाहीर झाली, तर तो आधीचा दिवस हातातून निघूनच गेलेला असतो. माझे कागद सुदैवाने पहिल्या प्रकारातले निघाले.

त्या बंद दारावर चिकटपट्टीने एक कागद लावलेला होता: ‘उद्या कार्यालय बंद राहील.’ खाली शिक्का, सहीचे फराटे, पण तारीख नाही, वारही नाही. तो काल लावला असेल तर आजचा दिवस म्हणायचा, आणि आज सकाळी कोणी लावून गेला असेल तर उद्याचाही दिवस गेला. फोनवर ध्वनिमुद्रित आवाज कामकाजाच्या वेळेत पुन्हा संपर्क साधण्याची विनंती करत होता, आणि मोबाइलवरच्या नकाशात तीच जागा हिरव्या अक्षरांत ‘सुरू आहे’ अशी दिसत होती. तारीख, वार आणि पुन्हा उघडण्याचा दिवस अशा दोन ओळी लिहायला शिक्का मारण्याइतकाही वेळ लागत नाही.

माझे फार तर हेलपाटे झाले. त्या दारापाशी एक हमाल बसलेला होता, त्याचा हिशेब निराळा आहे. जुन्या तारखेला सुट्टी असेल या समजुतीने त्याला कोणी बोलावले नाही, आणि आज आला तर दारे बंद. मासिक पगार घेणाऱ्याची सुट्टी सरकते तेव्हा त्याची एक सुट्टी एकच राहते. रोजंदारीवरच्या माणसाचे मात्र दोन दिवस बुडतात. आदेशात या दुसऱ्या दिवसाच्या मजुरीचा उल्लेख नसतो आणि ठेकेदारही ती देत नाही. ‘उद्या तरी नक्की उघडेल ना?’ असे त्याने मला विचारले, तेव्हा मी त्या कागदाकडे पाहून ‘उघडायला हवे’ एवढेच म्हणू शकलो.