सरावाचे कपडे

बॅलेच्या पोशाखातली एकच गोष्ट गोव्याच्या हवेला मानवते, ती म्हणजे अंबाडा. बाकीचं सगळं थंड देशातून आलेलं. टाइट्स घालून मे महिन्यात दुपारी पणजीच्या कदंब स्थानकावर उभं राहून बघावं. लेगवॉर्मर तर आमच्याकडे कुणी फुकट दिले तरी आई त्यांतून स्कूटर पुसायची फडकी काढेल. अंबाडा मात्र चालतो. मान मोकळी राहते, वारा लागतो, आणि प्रयोगशाळेत बर्नरवर वाकलं की केस ज्योतीत जात नाहीत. आजीच्या मते यात नवीन काहीच नाही, फक्त अबोलीचा वळेसर माळायचा तेवढा राहिलाय. तिचं चुकत नाही. डोक्याच्या मधोमध उंच बांधलेल्या बॅलेच्या अंबाड्यावर हेल्मेट बसतच नाही. मैत्रिणीच्या स्कूटरवर मागे बसायचं तर तो मानेशी खाली आणावा लागतो, म्हणजे शेवटी आजीचाच अंबाडा.

मी गोवा विद्यापीठात, ताळगावच्या पठारावर, रसायनशास्त्रात एम. एस्सी. करते. सकाळी फोंड्याहून पणजीची बस, तिथून वर पठारावर जाणारी बस, दुपारी प्रॅक्टिकल, रात्री जर्नल. यातून जी संध्याकाळ उरेल ती कथकच्या क्लासची. परीक्षेच्या दिवसांत तीही उरत नाही. बॅले मी शिकलेली नाही आणि आता शिकेन असंही दिसत नाही. ते माझं निव्वळ बघण्याचं प्रेम, बसमध्ये इअरफोन लावून केलेलं. पण कपड्यांत ते हळूच शिरलंय. पुढून आडवा गुंडाळून कमरेला बांधायचा पातळ कार्डिगन, बॅलेच्या बुटांसारख्या, पातळ तळव्याच्या बिनटाचेच्या काळ्या फ्लॅट्स, आणि तो अंबाडा. विद्यापीठाच्या वाचनालयात एसीखाली बसायचं असल्यामुळे कार्डिगनला निदान एक सबब तरी आहे.

ही फॅशन माझी एकटीची नाही. 2022 मध्ये मिऊ मिऊ या इटालियन फॅशन ब्रँडनं पायावरून इलॅस्टिकचा पट्टा गेलेल्या सॅटिनच्या फ्लॅट्स आणल्या आणि त्यानंतर 'बॅलेकोर' नावाखाली गुलाबी रिबिनींचा पूर आला. तो म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारापर्यंत पोचला. केसांना बो, पिशवीला बो, मोज्यांना बो. आमच्या वर्गातल्या एकीच्या कॅल्क्युलेटरच्या कव्हरलाही आहे. मला त्या बोचा राग नाही, पण नाचणाऱ्या मुलीला बो दिसू द्यायचा नसतो, हे कुणीतरी सांगायला हवं. सरावाच्या मऊ बुटाच्या काठातून एक दोरी ओवलेली असते. ती ओढून बूट पायाशी घट्ट करायचा, गाठ मारायची आणि टोकं आत खोचायची. फ्लॅट्सच्या पुढ्यात जो चिमुकला बो असतो, तो या दोरीचा वंशज. बोटांच्या टोकांवर उभं राहायला घालतात त्या पॉइंट शूजच्या रिबिनींचंही तेच. घोट्याच्या आतल्या बाजूला गाठ मारून ती रिबिनीखाली दडवतात. टोक लोंबताना दिसलं तर शिक्षिका बोलणी घालते. म्हणजे बाजारात जे सर्वांत मिरवतं, ते नाचाच्या वर्गात लपवायची गोष्ट.

दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी 'वर्ल्ड बॅले डे' असतो. 2014 पासून जगातल्या मोठमोठ्या बॅले कंपन्या त्या दिवशी आपला रोजचा सराव सगळ्यांना बघायला खुला करतात. मला त्यातला प्रयोग नको असतो, सकाळचा वर्ग हवा असतो. लंडनच्या रॉयल बॅलेतले आदल्या रात्री राजकुमार झालेले लोक बारला, म्हणजे सरावाच्या आडव्या दांडीला, हात टेकून उभे असतात, आणि अंगात काय? कोपरावर भोक पडलेला स्वेटर. कमरेला गुंडाळलेली शाल. वर प्लास्टिकसारख्या कापडाची फुगीर विजार, घाम यावा आणि स्नायू तापावेत म्हणून. पायांत थर्माकोलच्या ठोकळ्यांसारखे जाडजूड बूट, पावलं गार पडू नयेत म्हणून. जसजसं अंग तापतं तसतसा एकेक थर उतरतो आणि भिंतीशी कपड्यांचा ढीग होतो. मला हा ढीग फार आवडतो. 'स्वान लेक' या बॅलेतल्या पांढऱ्या पिसांहून जास्त.

रस्त्यावर आलं ते या ढिगातलं. रंगमंचावरचा फुगीर झग्याचा ट्यूटू घालून कुणी बाजारात गेलं नाही. लिओटार्डचंच घ्या. ते ज्याच्या नावावरून आलं तो ज्यूल लिओतार्ड नर्तकही नव्हता, एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच कसरतपटू होता. झुल्यावरून उडताना कापड कुठं अडकू नये म्हणून तो अंगाला चिकटलेला पोशाख घालायचा. फ्लॅट्स अमेरिकेत रस्त्यावर आल्या त्या टंचाईमुळे. दुसऱ्या महायुद्धात तिथं चामड्याच्या बुटांवर रेशन बसलं. बॅलेच्या चपला त्यातून सुटल्या होत्या. क्लेअर मॅकार्डेल या डिझायनरनं नर्तकांचे बूट करणाऱ्या कपेझिओला गाठलं, त्याच चपलांना जरा टणक तळवा लावून घेतला आणि आपल्या साध्यासुध्या सुती कपड्यांखाली त्या घालायला दिल्या. पॅरिसमध्ये रोझ रेपेतोनं 1947 मध्ये आपल्या नर्तक मुलाच्या, रोलाँ पेतीच्या पायांसाठी बूट शिवायला घेतले. उलटं शिवायचं आणि मग सुलटं करायचं, अशी तिची पद्धत होती. 1956 मध्ये ब्रिजित बार्दो तिच्याकडे आली. बार्दो लहानपणी बॅले शिकलेली. तिला रस्त्यावर घालता येईल अशी, तितकीच हलकी चप्पल हवी होती. आईनं मुलासाठी मांडलेला खटाटोप, आणि आज माझ्यासारखी ती नक्कल घालून बसच्या पायरीवर चढते. अस्सल रेपेतोच्या किमतीत माझी एका सेमिस्टरची फी आणि वर पुस्तकं निघतील, असा माझा अंदाज.

पण या फ्लॅट्सची गोव्यात कसोटी लागते जूनमध्ये. तांबडी माती, पहिल्याच सरीत रस्त्याकडेनं धावणारं तांबडं पाणी, आणि आपल्या पायांत दोन बोटं उंचीची चप्पल जिला टाच नाही, तळवा नावापुरता. एकदा भिजली की ती वाळत नाही, गणपती येईपर्यंत तिच्यावर बुरशी वाढते. म्हणून पावसाळ्यात मी मुकाट्यानं रबरी चप्पल घालते आणि फ्लॅट्स वर्तमानपत्रात गुंडाळून, कपाटात वरच्या खणात. वरून प्रयोगशाळेचा नियम: पूर्ण पाय झाकणारे बूट. फ्लॅटमध्ये पावलाची वरची बाजू उघडी, बोटांच्या खाचा दिसतायत. आम्ल सांडलं तर नेमकं तिथंच सांडणार. त्यामुळे माझ्या पिशवीत कायम बुटांची आणखी एक जोडी असते. सुंदर दिसण्यात वजन वाहण्याचा भाग किती असतो, हे रिबीन विकणाऱ्यांनी कधी सांगितलेलं नाही.

तरी मी त्या घालते. कारण विचाराल तर तळवा. कथकमध्ये पाय अनवाणी असतात आणि सगळा हिशेब जमिनीशी असतो. स्नीकरच्या जाड तळव्यात जमीन लागतच नाही. फ्लॅटमध्ये लागते. बसथांब्यावर उभी राहून, कुणाला कळणार नाही इतक्या बारीक हालचालीत, मी तत्कार, म्हणजे कथकमधलं पायांनी ताल धरणं, करत असते. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. पाय उचलायचा नाही, फक्त भार एका पावलावरून दुसऱ्यावर. क्लास बुडालेल्या आठवड्यात माझा एवढाच रियाज होतो. प्रॅक्टिकलला मात्र बूट असतात, तिथं बोटांच्या आतल्या आत चालतं. टायट्रेशन, म्हणजे एंड पॉइंटला रंग बदलेपर्यंत द्रावण थेंब थेंब सोडणं, तसं उभ्यानं करायचं काम. ब्युरेटमधून थेंब थेंब पडतोय, फ्लास्क एका हातानं फिरतोय आणि खाली बुटात तीनताल. तालाची सम, म्हणजे पहिली मात्रा, आणि एंड पॉइंट एकत्र यावेत अशी माझी फार इच्छा आहे, अजून आलेले नाहीत. बॅले पिंक म्हणतात तो रंग मला विचाराल तर थेट फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाच्या एंड पॉइंटचा, अर्धा थेंब जास्त पडला की गेला.

या गुलाबीत एक गोम आहे. तो रंग गोऱ्या कातडीशी जुळणारा म्हणून निवडलेला, म्हणजे पायापासून बुटाच्या टोकापर्यंत रेघ सलग दिसावी. सावळ्या आणि काळ्या नर्तिका वर्षानुवर्षं आपले बूट चेहऱ्याच्या फाउंडेशननं रंगवत आल्या. नर्तकांचे बूट करणाऱ्या लंडनच्या फ्रीडनं बॅले ब्लॅक या नृत्य कंपनीबरोबर तपकिरी छटांचे पॉइंट शूज काढले ते 2018 मध्ये. माझ्या रंगाला गुलाबी फ्लॅट्स शोभत नाहीत असं एका दुकानदारानं मला न विचारता सांगितलं होतं. शोभतात, हे मी मैत्रिणीच्या घालून पाहिलंय. काळ्या घेतल्या कारण तांबडी माती त्यांवर कमी दिसते.

'आपल्याकडे एवढं असताना हे परकं कशाला' असं विचारणारे काका प्रत्येक घरी असतात. त्यांना मी रुक्मिणीदेवी अरुंडेलांचं उदाहरण देते. चेन्नईच्या कलाक्षेत्र या नृत्यसंस्थेच्या या संस्थापक आधी रशियन बॅले नर्तिका अॅना पावलोवाच्या मंडळातल्या क्लिओ नॉर्डीकडे बॅले शिकत होत्या, आणि आपल्या देशातल्या नृत्याकडे बघ असं त्यांना पावलोवानंच सुचवलं. काका गप्प होत नाहीत, पण विषय बदलतात.

मला डाचतं ते वेगळंच. बॅलेतून लोकांनी सरावाचे कपडे उचलले. आपल्या नाचातून काय उचललं? रंगमंचावरचे दागिने. भरतनाट्यमच्या नर्तिकेच्या केसांतला चंद्र-सूर्य, भांगातली पट्टी, कमरेचा जडावाचा पट्टा, सगळं लग्नातल्या नवरीच्या अंगावर पोचलं. कथकचा घेरदार अनारकलीही पोचला. आणि क्लासमधला साधा सुती कुर्ता, वर खांद्यावरून तिरकी घेऊन कमरेशी कचकचून गाठ मारलेली ओढणी, ती राहिली क्लासच्या खुंटीवर. मला तर ती गाठ कुठल्याही रिबिनीहून देखणी वाटते. ती मारली की कणा आपोआप सरळ होतो, ओढणी गिरकीत तोंडावर येत नाही, आणि बाईंनी 'घुंगरू बांधा' म्हणायच्या आधीच अंगाला कळतं की आता काम आहे.

गोव्याच्या लोकनृत्यांत तर हे सगळं उलट्याच वाटेनं गेलेलं. इथं नाचातून कपडा रस्त्यावर आला नाही, कामावरचा कपडा नाचात गेला. कुणबी साडी बघा. तांबड्या-पांढऱ्या चौकड्यांची, पोटरीवर थांबणारी, खांद्यावर गाठ मारलेली. चिखलात भात लावताना सुटू नये, भिजू नये म्हणून ती तशी. त्याच साडीत कुणबी नाच होतो. कोलवाळचे डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ती पुन्हा विणून घेतली आणि फॅशनच्या मंचावर नेली, तेव्हा कुठं ती शहरातल्या बायकांच्या कपाटात आली. चवथीला गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली फुगडी रंगते तेव्हाही वेगळा पोशाख कुणी करत नाही. मोदकांचं सारण ढवळत असलेली मामी पदर कमरेला खोचलेलाच असतो त्याच अवतारात बाहेर येते, 'फू' करत गरगर फिरते, आणि धापा टाकत पुन्हा चुलीकडे. तिचा तो खोचलेला पदर आणि माझी ओढणीची गाठ एकाच घराण्याची. पौषात मांडावर, म्हणजे गावच्या नाचाच्या पवित्र जागेवर, धालो हा नाच घालणाऱ्या बायकांचंही तेच. एकमेकींच्या कमरेत हात घालून दोन रांगा पुढेमागे झुलतात, त्यांच्या अंगावर तीच रोजची साडी असते. आता स्पर्धांमुळे सगळ्यांच्या साड्या एकसारख्या असतात आणि पदराला सेफ्टी पिना लागतात, ते मला तितकंसं आवडत नाही. परीक्षकांना बहुधा आवडत असावं.

हे सगळं डोक्यात घोळू लागल्यापासून मी कार्डिगन वाचनालयापुरता ठेवलाय. साध्या सलवार-कुर्त्यावर ओढणी तिरकी घ्यायची, कमरेशी गाठ मारायची, खाली काळ्या फ्लॅट्स. बसमध्ये दांडी धरून उभं राहायला याहून सोयीचं काही नाही. दोन्ही हात मोकळे, ओढणी कुणाच्या छत्रीत अडकत नाही, कंडक्टर कितीही 'फुडें वच' म्हणून ढकलो. आईला ते मोलकरणीसारखं दिसतं. मी म्हटलं, मामी चवथीला तशीच असते की. तर म्हणाली, मामी घरात असते. परवा म्हार्दोळला एक म्हातारी चढली, टोपलीत शेवग्याच्या शेंगा. माझ्या कमरेकडे बघून म्हणाली, "नाचपाक वता गो?" मी म्हटलं, नाही आजी, प्रॅक्टिकल आहे. तिनं स्वतःच्या खोचलेल्या पदरावरून हात फिरवला, टोपली माझ्या पायांशी सरकवली आणि म्हणाली, "मगे धर ही मात्शी."