आगरातल्या मिठाला आयोडीन: माझा अनुभव

गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या शापोरा नदीकाठच्या आगरांतले, म्हणजे मिठागरांतले, मीठ स्वयंपाकासाठी पिशव्यांत भरून विकायचे, असे आमच्या स्वयंसाहाय्य गटाने ठरवले, तेव्हा परवान्याच्या कागदपत्रांतच पहिली अट समोर आली. माणसाच्या थेट खाण्यासाठीचे मीठ आयोडीनयुक्तच असले पाहिजे. किलोमागे आयोडीन उत्पादकाकडे किमान 30 आणि दुकानात किमान 15 मिलिग्रॅम भरले पाहिजे. गटातल्या काकींना हे पटेना. भरतीचे पाणी मानशीतून, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून, आत घेऊन उन्हात आटवलेल्या मिठात आयोडीन नसेल, तर ते असणार तरी कशात, हा त्यांचा प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणे मला योग्य वाटले नाही.

उत्तर हिशेबात सापडले. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात आणि आयोडीन जेमतेम 50 ते 60 मायक्रोग्रॅम, म्हणजे ते सगळे मिठात उतरले तरी किलोला दोन मिलिग्रॅमही होत नाही. प्रत्यक्षात तर मीठ धरू लागते तेव्हा बरेचसे आयोडीन मागे उरलेल्या कडवट पाण्यातच राहते. समुद्रावरच्या हवेबरोबर आणि पावसाबरोबर ते आपल्या जमिनीवर येते खरे, पण जांभ्या मातीतली लोहाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे ते धरून ठेवतात. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतात, पाणी साचले की ते मोकळे होते, तरीही भाताच्या दाण्यापर्यंत फार थोडे पोचते. समुद्रातली मासळी चांगला आधार देते. परंतु गरोदर बाईला रोज 250 मायक्रोग्रॅम लागत असताना, ज्या घरात मासे शिजत नाहीत तिथे मिठावाचून दुसरा भरवशाचा मार्ग मला दिसत नाही.

आपल्याकडे मिठात पोटॅशियम आयोडेट घालतात, कारण दमट हवेत ते आयोडाइडपेक्षा अधिक टिकते. शंभर किलो मिठाला 30 मिलिग्रॅमच्या हिशेबाने ते पाच ग्रॅमच्या किंचित वर लागते. साठवणीतली घट धरून आम्ही थोडे जास्त घेतले. खरी अडचण एवढीशी पूड एवढ्या मिठात सारखी पसरवण्याची होती. जाड्या, ओलसर खड्यांवर द्रावण फवारले की ते निथळून खाली उतरत असे, आणि एकाच ढिगाच्या वरच्या व खालच्या नमुन्यांत मोठा फरक पडत असे. मीठ पूर्ण वाळवून, दळून, पातळ थरावर फवारायचे आणि लाकडी फावड्याने पुन्हा पुन्हा उलथायचे, ही पद्धत शेवटी बसली.

तपासणी एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत करायला मिळाली. दहा ग्रॅम मीठ पाण्यात विरघळवून त्यात सल्फ्युरिक आम्ल आणि पोटॅशियम आयोडाइड घातले की पाणी पिवळे होते. चंबू दहा मिनिटे अंधाऱ्या कपाटात ठेवायचा, मग ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या काचेच्या नळीतून, सोडियम थायोसल्फेट सोडायचे. रंग फिका झाला की स्टार्च घालायचे; द्रावण गडद जांभळे होते, आणि पुढे थेंब थेंब सोडता सोडता एका थेंबाला ते एकदम पाण्यासारखे स्वच्छ होते. 0.005 नॉर्मल तीव्रतेच्या थायोसल्फेट द्रावणाच्या दर मिलिलिटरला 10.58 ने गुणले की किलोमागचे मिलिग्रॅम मिळतात. ढिगाच्या वरचा, मधला आणि तळाचा नमुना असे तिन्ही आकडे 30 च्या पुढे आले, तेव्हा काकींनी स्वतः वहीत ते उतरवून घेतले. त्यानंतर परवान्याचे काम रीतसर पार पडले.

बिनआयोडीनचे मीठ खारवणीसाठी आणि जनावरांसाठी तसे स्पष्ट लेबल लावून विकता येते, म्हणून मासे आणि तोरे (कोवळ्या कैऱ्या) खारवायला जाडे मीठ आम्ही वेगळ्या पिशवीत देतो. जनावरांच्या बाबतीत मात्र ही सवलत मला अपुरी वाटते. गाभण गाईला आयोडीन कमी पडले तर वासरू अशक्त, केस नसलेले किंवा गळ्याला सूज घेऊन जन्मू शकते. त्यामुळे गुरांसाठी मीठ मागणाऱ्याला, पशुवैद्यांना विचारून आयोडीन असलेले खनिज मिश्रणही सुरू करा, असे आम्ही पिशवी देतानाच सांगतो.