मटणाच्या दरावर सुटलेला पेपर

दिवसा मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर हिशेब आणि रात्री दूरशिक्षणाची पुस्तकं, असं माझं बी.ए. चाललं होतं. सूक्ष्म अर्थशास्त्रातली घटती सीमान्त उपयोगिता सहज गेली; पांढऱ्या रश्श्याच्या चौथ्या वाटीला काय होतं, ते कोल्हापुरात शिकवावं लागत नाही. गाडी अडली समवृत्ती वक्रावर, म्हणजे दोन वस्तूंचे सारखंच समाधान देणारे संच जोडणाऱ्या रेघेवर. हिक्स आणि ॲलन या अर्थशास्त्रज्ञांनी 1934 मध्ये समाधान आकड्यात मोजायची गरजच संपवली. कुठला संच जास्त आवडतो, एवढा क्रम पुरे. पण उत्पन्न परिणाम आणि पर्याय परिणाम वेगळे करायला बसलं की वहीत नुसत्या रेघोट्या.

ओळखीच्या एका सरांनी पुस्तकातली सफरचंदं-संत्री खोडून मटण आणि चिकन लिहायला लावलं. "आधी खिशाची रेघ ओढ, जिभेचं नंतर बघू."

महिन्याला 2400 रुपये धरले. मटण 800, चिकन 200. सगळं मटण घेतलं तर 3 किलो, सगळं चिकन तर 12. ही टोकं जोडली की झाली अंदाजपत्रक रेषा. तिच्यावर कुठं थांबायचं, ते आईनं ठरवलं: मटण 2, चिकन 4. मग मटण 600 वर आणलं. चिकनचं टोक जागेवर, मटणाचं 4 किलोवर.

"अर्धा किलो वाढव," आई म्हणाली. "दर उतरला म्हणून रोज मटण खायचंय होय रे?"

खरी गंमत या अर्ध्या किलोत. जुनाच बाजार आता 2000 रुपयांत येतो, 400 सुटतात. ते 400 मी काढून घेतले तर?

"मग पाव किलोच."

म्हणजे वाढीतला पाव किलो, मटण तुलनेनं स्वस्त झाल्यामुळं: हा पर्याय परिणाम. उरलेला पाव खिसा सैल झाल्यामुळं: हा उत्पन्न परिणाम. स्लुट्स्की या अर्थशास्त्रज्ञानं 1915 मध्ये हीच वजाबाकी मांडली होती. हिक्स जुन्या वक्राला रेषा टेकेपर्यंत पैसे काढतो, म्हणून त्याचं उत्तर जरा वेगळं येतं.

800 ला दोन, 600 ला अडीच: आमच्या घराच्या मागणी वक्राचे दोन बिंदू मिळाले. बाजाराची मागणी काढायला त्या त्या दराला घराघराचे किलो मिळवायचे, माळकऱ्यांचं शून्य धरायचं. दर चढला की माणूस कमी घेतो, असं पुस्तक सांगतं. 2019 च्या अखेरीस आमच्याकडं मटणाच्या दरावरून लोक आंदोलनाला उतरले, ते कुठल्या अक्षावर दाखवायचं कोण जाणे.

पेपरात नेमकी हीच आकृती आली. अक्षांवर मात्र 'क्ष' आणि 'य' लिहिलं. तपासणारे शाकाहारी निघाले तर उगाच कशाला!