सी व्ह्यू

माझ्या खात्यात एक फुकट रात्र पडून होती आणि ती जुलैअखेर बाद होणार होती. औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या कारखान्यांत जाऊन त्यांच्या टाक्या, पाइपा आणि वह्या तपासणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. कंपनी कुंडईला, तपासायचे कारखाने मात्र हैदराबाद, बडोदा, विशाखापट्टणम असे लांब लांब. वर्षातल्या चाळीस-पन्नास रात्री हॉटेलात जातात. बिल कंपनी भरते, पॉइंट माझ्या नावावर जमतात. या दुसऱ्याच्या पैशाने केलेल्या तपश्चर्येचं फळ म्हणून एका मोठ्या हॉटेल चेनने मला 'प्लॅटिनम' केलेलं आहे.

त्या चेनचं एक हॉटेल आपल्याच गोव्यात, सासष्टी तालुक्यात, समुद्रावर आहे, हे बायकोने शोधून काढलं. फोंड्याहून निघायचं, बोरीचा पूल ओलांडायचा, मडगावची गर्दी पार केली की तासाभरात समुद्र. पण घरापासून तासाभरावर हॉटेलात झोपायला जायचं हे आमच्या वाड्यावर कुणाला सांगणार? लोक आधी नवरा-बायकोचं बिनसलं का, हे विचारतील. आईला सांगितलं, कंपनीची फॅमिली मीट आहे. आई म्हणाली, "पावसांत?" आणि गप्प बसली.

पोर्चमध्ये गाडी थांबताच एका मुलीने गळ्यात शिंपल्यांची माळ घातली, दुसरीने कोकम सरबताचा पेला पुढे केला आणि दोघी मिळून म्हणाल्या, "वेलकम टू गोवा, सर!" मी थँक यू म्हणालो. बायको एकदम कुंडीतल्या झाडाचं निरीक्षण करू लागली. "गोव्यात पहिल्यांदाच?" या प्रश्नाला मी "नाही, आधी आलोय" असं उत्तर दिलं. खोटं नाही ते. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी आलो तो अजून गेलो नाही.

मग काउंटरवर आधारकार्ड द्यावं लागलं. तिथल्या मुलीने पत्ता वाचला, मान वर करून एकदा माझ्याकडे, एकदा गळ्यातल्या माळेकडे पाहिलं आणि काहीही बोलली नाही. त्या न बोलण्याला मी मनातल्या मनात दहापैकी दहा दिले. एवढंच म्हणाली, "थँक यू फॉर युअर लॉयल्टी, सर."

निष्ठेबद्दल आभार! गोव्याच्या माणसाला हा शब्द ऐकला की हसू येतं. ज्या राज्यात २०१९च्या जुलैत एका पक्षाच्या १५ पैकी १० आमदारांनी एका दमात घर बदललं आणि २०२२च्या सप्टेंबरात त्याच पक्षाच्या ११ पैकी ८ जणांनी तो रस्ता पुन्हा वापरला, तिथे एका हॉटेलला चिकटून राहिल्याबद्दल माझा सत्कार व्हावा! आणि माझी निष्ठा तरी कुणाची? हॉटेल ठरवते कंपनीच्या ट्रॅव्हल डेस्कवरची बाई. खरी माळ तिच्या गळ्यात पडायला हवी.

ही कल्पना मूळची विमानवाल्यांची. १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सने मैल मोजून बक्षीस द्यायची योजना काढली आणि १९८३मध्ये हॉलिडे इन आणि मॅरियट या हॉटेलवाल्यांनी रात्री मोजायला घेतल्या. १९८३ म्हटलं की गोव्यात मात्र वेगळी आठवण निघते. त्या नोव्हेंबरात राष्ट्रकुलाचे पुढारी दिल्लीची परिषद मध्येच सोडून दोन दिवस आग्वादला विश्रांतीला आले होते, इंदिराबाई आणि थॅचरबाई दोघीही. बाबा सांगायचे, त्या निमित्ताने रस्त्यांचं नशीब उघडलं, पण ते डांबर आमच्या वाड्यापर्यंत पोचायच्या आत पाहुणे परत गेले. माझ्या दृष्टीने पॉइंटांचा इतिहास असा आहे: ज्याला मिळायचं त्याला आधीच पुष्कळ मिळालेलं असतं.

प्लॅटिनमला काय काय मिळतं ते ॲपमध्ये लिहिलेलं असतं. वरच्या दर्जाची खोली, दोघांचा नाश्ता, दुपारी चारपर्यंत खोली ठेवायची मुभा. आणि प्रत्येक ओळीखाली बारीक अक्षरात 'सब्जेक्ट टू अव्हेलेबिलिटी'. आमच्या धंद्यात असं वाक्य कुणी कार्यपद्धतीच्या कागदात घातलं तर मी त्याच्यावर लाल पेन चालवतो. 'टाकी धुतली जाईल, सवड असल्यास.' चालेल का?

मला तिसऱ्या मजल्यावरची 'सी व्ह्यू' खोली मिळाली. अपग्रेड! बॅग ठेवायच्या आधी मी पडदा सरकवला. समोर दोन माड, त्यांच्या मागे आणखी तीन माड, त्यांच्या मागे पाऊस. बाल्कनीच्या डाव्या कोपऱ्यात उभं राहून मान जरा बाहेर काढली की दोन माडांच्या मधून हातभर राखाडी पट्टा दिसत होता, तो समुद्र. बायको म्हणाली, "आषाढात समुद्र पाहायचा तरी कशाला? आवाज येतोय तो ऐका." तिचं बरोबर होतं. पण मला व्ह्यू लिहून दिलेला होता, आवाज नव्हे.

टेबलावर जनरल मॅनेजरच्या सहीचं पत्र होतं, त्यात माझ्या आडनावातला एक काना गेलेला होता. बशीत दोन केळी, एक सफरचंद. शेजारच्या खोलीचं दार उघडं होतं म्हणून जाता जाता नजर गेली, अगदी सहज गेली. तिथे चार केळी, द्राक्षं आणि केक.

"ते डायमंड असतील, प्लॅटिनमच्या वरचे," मी म्हणालो.

"तुमच्या धाकट्या बापूसारखं झालंय तुमचं," बायको म्हणाली.

धाकटे बापू म्हणजे माझे काका. आमच्या देवळात जत्रेला पालखी निघायच्या आधी गाऱ्हाणं होतं आणि मग मानाचे नारळ दिले जातात. कुणाला पहिला, कुणाला दुसरा, कुणाला नुसताच अंगारा, हे पिढ्यांपिढ्या ठरलेलं. गोव्यातल्या देवळांचे महाजन, म्हणजे कारभाराचा हक्क असलेले, कोण याची रीतसर वही असते. त्यासाठी १९३३ सालचा पोर्तुगीज अमदानीतला कायदा आहे, तो मुक्तीनंतरही चालू राहिला. ज्यांचं ते कुळदैवत ते कुळावी वेगळे, महाजन वेगळे, महाजनांतले मानकरी आणखी वेगळे. सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम आपल्याकडे फार जुने आहेत, फक्त रात्री मोजायच्या ऐवजी आडनाव पाहतात. तर एका वर्षी नव्या भटाच्या गोंधळात काकांचा नारळ चुकून दुसऱ्याच्या हातात गेला. नारळ तेव्हा असेल पाच-सहा रुपयांचा. काकांच्या स्वतःच्या कुळागरात वर्षाला हजारभर पडत. पण दोन वर्षं ते देवळाची पायरी चढले नाहीत. रोज संध्याकाळी जात, बाहेर तुळशीपाशी उभं राहून आत हात जोडत आणि परत येत. देवाशी भांडण नव्हतं. तिसऱ्या वर्षी कमिटीचे दोघे घरी आले, चहा घेतला, नारळाचा शब्दही न काढता बसले आणि काका जत्रेला गेले. लहानपणी आम्ही या गोष्टीवर पोट धरून हसायचो.

मी आता दुसऱ्याच्या खोलीतली केळी मोजत होतो.

रात्री जेवायला गेलो. फळ्यावर खडूने लिहिलं होतं, 'कॅच ऑफ द डे : किंगफिश'. इसवण, म्हणजे सुरमई! गोव्यात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. आमच्या घरी या दिवसांत पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या डब्यांतली सुकी सुंगटां (कोळंबी) आणि खारा बांगडा यांवर भागतं, फार तर कुणी नदीतलं काही आणून दिलं तर दिवाळी. मी वेटरला अगदी गोड आवाजात विचारलं, "आज कुणी पकडला हा?" तो बिचारा ओडिशाचा. शेफला विचारून येतो म्हणाला.

शेफ स्वतः आला. टोपी उंच, आवाज खाली. कोंकणीतच म्हणाला, फ्रोझन आहे, पण मसाला घरच्यासारखा आहे. मग जरा थांबून म्हणाला, स्टाफच्या कॅन्टीनमध्ये आज सुक्या सुंगटांची किसमूर, म्हणजे कोशिंबीर, केलीय, हवी तर आणतो. आणली. वर ताजं खोबरं, आमसुलाचा आंबटपणा अगदी नेमका. मी डोळे मिटून खाल्ली. बायकोने दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "ही खायला इथवर आलो?"

जेवणावरून खोलीकडे जायला बग्गी असते. पाऊस होता म्हणून बसलो. चालवणाऱ्या पोराने आरशातून दोनदा पाहिलं आणि बग्गी माडाखाली थांबवली.

"दादा? तुमी हांगा?"

आमच्याच वाड्यावरचा. वरच्या घरातल्या वहिनींचा मुलगा. हॉटेल मॅनेजमेंट करतोय हे माहीत होतं, ट्रेनिंग इथे चाललंय हे नव्हतं. मी चोरी पकडल्यासारखा हसलो. पोरगा मात्र खूश. सकाळच्या ब्रीफिंगमध्ये तुमचं नाव वाचलं होतं, म्हणाला, पण म्हटलं दुसरे कुणी असतील. रोज सकाळी येणाऱ्या खास पाहुण्यांची यादी वाचतात, कोण कुठल्या दर्जाचा, कुणाला काय लागतं, सगळं. आधीच्या हॉटेलांनी लिहून ठेवलेलंही त्यात येतं.

"माझ्याबद्दल काय आहे?"

तो घुटमळला. बायकोने आग्रह केला. "पाहुणे गरम पाणी यायला किती सेकंद लागतात ते मोजतात," असं आहे म्हणाला. आणि बाथरूमच्या एक्झॉस्टला टिश्यूपेपर लावून पाहतात.

बडोदा. मागच्या डिसेंबरात. टिश्यू लावून हवेचा ओढा पाहणं ही आमच्या धंद्यातली सवय, हात आपोआप जातो. हाउसकीपिंगच्या मुलाने पाहिलं असणार. वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वह्यांत शेरे लिहीत आलो, आणि माझ्यावरचा शेरा माझ्याआधी सासष्टीत पोचलेला! शेरा खरा होता, हा त्यातला मुख्य त्रास. बायको खोलीपर्यंत हसत होती.

"घरा कोणाक सांगूं नाका हां," मी उतरताना पोराला म्हणालो.

"ना ना, कित्याक सांगतलों?"

त्या रात्री मी पाणी मोजायचं नाही असं ठरवलं. चाळीस सेकंद लागले.

सकाळच्या नाश्त्याबद्दल फार सांगत नाही, सगळीकडे तोच असतो. एवढंच, की वेताच्या टोपलीत आपली साधी पावाची पोळी, जी पोदेर म्हणजे पाववाला सायकलचा भोंपू वाजवत दारात आणून देतो, ती कापडात गुंडाळून ठेवली होती आणि पुढे 'आर्टिझनल गोवन ब्रेड' अशी पाटी. डायमंड गृहस्थ खिडकीशी राखून ठेवलेल्या टेबलावर तीच पोळी काट्याने खात होते. त्यांच्या फुलदाणीत दोन फुलं, आमच्या एक. हे मी पाहिलं नाही, दिसलं.

मग मी काउंटरवर गेलो. नवी मुलगी होती. चारपर्यंत खोली हवी म्हटलं. ती म्हणाली, आज हॉटेल भरलंय, एकपर्यंत देऊ शकते. खरं तर एकपर्यंत आम्हाला काहीच करायचं नव्हतं. पाऊस धो धो, समुद्रावर लाल बावटे, पोहायचा तलाव बंद. चारपर्यंत तर त्याहून काही नव्हतं. तरी माझ्या तोंडून निघालं, "पण मी प्लॅटिनम आहे."

आवाज धाकट्या बापूंचा होता. तुळशीपाशी उभे असताना कुणी 'आत चला' म्हटलं की ते याच पट्टीत सांगत, "हांव महाजन."

मुलगी जराही विचलित झाली नाही. ती खरोखरच मदत करायला पुढे वाकली आणि म्हणाली, "काही तरी करते, सर. तुमची फ्लाइट कितीची आहे? दाबोळीहून की मोपाहून?"

मोपाचा विमानतळ २०२३च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून हा प्रश्न गोव्यात रोज हजारदा विचारला जात असेल. त्याला दोनच उत्तरं असतात.

"बोरीहून," बायको मागून म्हणाली.

मुलीला काही कळलं नाही. बोरीला विमानतळ नाही हे तिला कुणी शिकवलेलं नसावं. मी किल्लीचं कार्ड काउंटरवर ठेवलं आणि म्हटलं, आम्ही आत्ताच निघतो. ती घाबरली, काही चुकलं का विचारू लागली, फीडबॅकमध्ये आपलं नाव घालाल का असं जवळजवळ विनवून विचारलं. त्या मुलांचं भलंबुरं आमच्या ताऱ्यांवर असतं. मी तिथेच उभ्या उभ्या तिला, आदल्या दिवशीच्या न बोलणाऱ्या मुलीला, शेफला आणि बग्गीवाल्याला पाच-पाच तारे दिले. किसमुरीचं नाव लिहिलं नाही, शेफला उगाच कुणी हटकायचं.

अकराच्या आत घरी पोचलो. आईने मीट कशी झाली विचारलं, मी बरी झाली म्हणालो. तिने जेवणात किसमूर केली होती. बायकोने माझ्याकडे पाहिलंही नाही.

दुपारी झोप काढून उठलो तेव्हा पाऊस थांबला होता. पाचच्या सुमाराला पोदेराचा भोंपू वाजला, मी पिशवी घेऊन फाटकावर गेलो. त्याने टोपलीवरचं प्लास्टिक बाजूला केलं, चार पोळ्या मोजून पिशवीत टाकल्या, सुटे पैसे परत दिले, सायकलला टांग मारली आणि एक पाय जमिनीवर ठेवून वळून विचारलं,

"मागीर? सी व्ह्यू मेळ्ळो मूं?"