एडिसनमधला खोटा क्रोटन

चिपळूणला आमच्या ओट्यालगत क्रोटनची रांग होती. देवाच्या परडीत त्यांना जागा नाही, कौतुक तर कुणी केलंच नाही. न्यू जर्सीतल्या एडिसन गावी आल्यावर मात्र मला नेमके तेच आठवायला लागले. नोव्हेंबर सरला की इथली झाडं खराट्यासारखी उभी. हिरवं म्हणून जे उरतं ते बहुतेक सुईसारख्या पानांचं. रुंद, चकचकीत पान बघायला जीव आसुसतो.

अशातच एका नर्सरीच्या सावलीतल्या कोपऱ्यात ऑक्युबा नावाचं झुडूप दिसलं. हाताएवढी पानं, त्यांवर हळदीचे शिंतोडे उडाल्यासारखे ठिपके. मूळचं जपानकडचं. उणे 15 अंशांपर्यंत तग धरतं, असं चिठ्ठीवर लिहिलेलं. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ती म्हणाली, "अगो, हा तर आपला क्रोटन!"

तिथेच फसले. क्रोटनला रंग चढायला ऊन लागतं, म्हणून मी ते दक्षिणेच्या भिंतीशी, अंगणातल्या सगळ्यात उबदार जागी लावलं. फेब्रुवारीत उन्हाकडची पानं चुलीत भाजल्यासारखी काळी पडली. मला वाटलं थंडीने गेलं. थंडीने नाही, उन्हाने गेलं. पानं हिवाळ्यातही असतात, त्यामुळे ऊन-वारा लागला की त्यांतलं पाणी उडतच राहतं. खाली जमीन गोठलेली, मुळं पाणी कुठून ओढणार?

दुसरं रोप उत्तरेला, पागोळीपासून हातभर लांब लावलं. जमीन गोठण्याआधी भरपूर पाणी आणि मुळाशी पाचोळा, एवढंच केलं. 2022 च्या नाताळात सकाळच्या पावसानंतर रात्रीपर्यंत पारा उणे दहाच्या खाली गेला, तेव्हा पानं काळपट होऊन लोंबली. शेजारच्या ऱ्होडोडेंड्रॉनच्या झुडपाने तर आपली पानं विडीसारखी वळून घेतली (आमचा थर्मामीटर तोच). बर्फ वितळल्यावर दोघंही सरळ झाली, काही झालंच नाही अशा थाटात.

पाला खाणाऱ्या हरणांचं काय करायचं ते मात्र अजून कळलेलं नाही. बासमतीच्या तागाच्या पिशव्या उसवून, शिवून मी झाडाला अंगरखा करते. नवरा म्हणतो, दारात तांदळाचं कोठार वाटतं.

आता पंचाईत फळांची. ऑक्युबाला लालभडक फळं येतात, पण नर-मादी झाडं वेगळी. 1783 मध्ये इंग्लंडला गेलं ते ठिपक्यांचं मादी झाड. रॉबर्ट फॉर्च्यून या स्कॉटिश वनस्पती-संग्राहकाने 1860 च्या दशकात जपानहून नर आणेपर्यंत तिथे कुणाला फळ दिसलं नव्हतं. माझंही मादीच निघालं. आईला सांगितलं तर म्हणे, "पपईत नर निघाला तर आपण तोडतो, आणि तू पैसे देऊन आणत्येस?"

आणला. नाव 'मिस्टर गोल्डस्ट्राइक'. चौथ्याच दिवशी सकाळी बघते तर मिस्टरांचे तीन शेंडे हरणाने खुडलेले. पुन्हा पिशव्या उसवायला काढल्या आहेत.