मुंडकार मावशींची पिशवी

आज मामलेदार कचेरीत एका मावशींच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी होती: घरपट्टीच्या पावत्या, वीजबिलं, घडीवर फाटलेलं रेशनकार्ड. राहतं घर तीन पिढ्यांचं, जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची. दुसऱ्याच्या जमिनीवर असं घर करून राहणारा तो गोव्यात मुंडकार. 1975 च्या मुंडकार कायद्याने पंचायत हद्दीत 300, पालिकेत 200 चौरस मीटरपर्यंत जागा विकत घेता येते. आधी मुंडकार म्हणून नोंद हवी. भाटकाराच्या एखाद्या वारसाला नोटीस पोचली नाही की पुढची तारीख. दिवसाची मजुरी बुडते ती मावशींचीच. बायबलमध्ये लूक 18 मधली, न्यायाधीशाच्या दारी पुन्हा पुन्हा जाणारी विधवासुद्धा भीक मागत नाही, न्याय मागते. तिची गरिबी हीच, हक्क आहे पण ऐकणारा नाही. चर्चमधल्यांनो, अशांसोबत कचेरीत जा. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मूळ पावत्या कुणालाच देऊ नका, झेरॉक्स द्या.